सावकाश बसवलेलं कॅरियर

लार्च फेरी या आमच्या गावात मे महिन्यात लख्ख ऊन पडलं की माणसं गंभीर होतात. बाकीच्या आयडाहो राज्यात लोक अशा दिवशी खुर्च्या अंगणात काढतात. आम्ही आधी डोंगराकडे बघतो आणि मग पुलाकडे. डोंगरावर बर्फ किती उरलाय आणि पुलाच्या खांबावर रंगवलेल्या आकड्यांपैकी किती पाण्याखाली गेलेत, यावर दिवस बरा की वाईट ते ठरतं. आभाळ निळंभोर असेल तर दिवस वाईट.

त्या वर्षी मे महिना फार सुंदर होता.

डेल्मर हॉक्स्टाड माझा शेजारी. लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावण्यात त्याची निम्मी हयात गेली. गिरणी बंद पडली तेव्हा मालकाने सगळ्यांना एकेक टोपी दिली. डेल्मरने ती कधी घातली नाही आणि टाकूनही दिली नाही. मग त्याने घरामागच्या शेडमध्ये नवा धंदा काढला. आमच्याकडे प्रत्येकाकडे पिकअप गाडी असते, आणि तिच्या उघड्या पाठीवर फायबरची कॅनोपी बसवलेली असते, म्हणजे सामान भिजत नाही आणि वेळप्रसंगी आत झोपता येतं. या कॅनोपीच्या टपावर कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, वाहून नेण्यासाठी कॅरियर बसवून देणे, हा डेल्मरचा धंदा. ऐकायला सोपा वाटतो. चार भोकं पाडा, दांड्या आवळा, पैसे घ्या.

पण कॅनोपी म्हणजे शेवटी अंड्याचं टरफल. वरून दिसते दणकट, पण छताला स्वतःचं बळ नसतं. डेल्मर आधी आतून लोखंडी चौकट उभी करायचा, म्हणजे वरचा भार छतावर न राहता गाडीच्या कडांवर उतरावा. भोक पाडायच्या जागी चिकटपट्टी लावून तो ड्रिल आधी उलट्या दिशेने फिरवायचा, कारण सुलट फिरवलं तर वरच्या रंगाच्या थराचा टवका उडतो, आणि टवक्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरत जातात. मग पाणी झिरपू नये म्हणून भोकात सीलंट भरून बोल्ट हाताने नुसता टेकवायचा, एक दिवस वाळू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पान्याने आवळायचा. सगळं झालं की तो स्वतः शिडीवरून कॅरियरवर चढून उताणा झोपायचा. एकदा एक गिऱ्हाईक त्याला तसं बघून परत गेलं होतं. त्याला वाटलं, म्हातारा गेला.

त्याची बायको नॅडीन गाड्या उतरवते. होड्यावाले वरच्या धक्क्यावर पाण्यात शिरतात, नदी त्यांना घळीतून खालच्या धक्क्यावर आणून सोडते, पण गाडी वरच राहते. गाडीची किल्ली मागच्या चाकावर ठेवायची, आणि नॅडीनने ती गाडी खाली आणून उभी करायची, असा रिवाज आहे. परत यायला दुसरी गाडी लागते, ती बरेचदा मी चालवतो. माझ्याकडे वेळ असतो.

गावाचा आणखी एक रिवाज आहे. नदीवर निघालेल्या माणसाला "जाऊ नको" म्हणायचं नाही. तो बुडाला तर दोष सांगणाऱ्याच्या जिभेला लागतो, आणि सुखरूप आला तर तो सांगणाऱ्याला मरेपर्यंत हिणवतो. म्हणून आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो, वल्ह्याचं कौतुक करतो, सँडविच बांधून देतो. पुढे काय ते नदी बघते.

दर एक-दोन वर्षांनी खालच्या धक्क्यावर एखादी गाडी उभीच राहते. संध्याकाळ होते, दुसरा दिवस उजाडतो, गाडी न्यायला कुणी येत नाही. काही महिन्यांनी त्या घरची बाई ती गाडी घेऊन डेल्मरच्या शेडपाशी येते आणि म्हणते, वरचं काढून द्या. डेल्मर काढून देतो, भोकं बुजवतो, रंग जुळवतो. त्याचे पैसे तो घेत नाही. हा धंद्याचा दुसरा भाग, आणि तोही त्यालाच करावा लागतो, कारण कुठला बोल्ट कुठे आहे ते त्यालाच ठाऊक.

तर त्या मे महिन्यात त्याची मुलगी ब्रिटा जुनी पिकअप घेऊन अंगणात आली. ब्रिटा एकुलती एक. उन्हाळ्यात पर्यटकांना रबरी होड्यांतून फिरवते, हिवाळ्यात मिळेल ते करते. खांदे बापासारखे, जीभ आईसारखी.

"बाबा, कॅनोपी बघ. लुइस्टनला मिळाली. कवडीमोलाने!"

"कुणाची होती?"

"कुणा बाईच्या भाच्याने विकली. तुला काय करायचंय? कॅरियर बसवून दे. पुढच्या आठवड्यात मी आणि टेव्हिस वरची घळ करणार."

वरची घळ. एरवी उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी उतरल्यावर, चांगले होड्यावाले ती करतात. बर्फ वितळत असताना तिथे पाणी भिंतीसारखं उभं असतं आणि पुरात उन्मळलेली झाडं कपारीत अडकलेली असतात. अशा झाडाला होड्यावाले गाळणी म्हणतात, कारण त्यातून पाणी जातं आणि माणूस राहतो.

डेल्मरने गाडीला शिडी लावली. शिडी धरायला त्याने मला बोलावलं होतं. तो वर चढला आणि छतावरून अंगठा फिरवत एका जागी थांबला. मग दुसऱ्या जागी. ब्रिटा आत चहा करायला गेल्यावर तो खाली उतरला.

"ही कॅनोपी पर्ल गॅस्किनच्या नवऱ्याची," तो म्हणाला.

"कशावरून?"

"भोकं मी बुजवलीत. माझं बुजवलेलं मला कळतं."

गॅस्किन वरच्या घळीतच कायमचा राहिला होता. मी विचारलं, ब्रिटाला सांगणार का. डेल्मर म्हणाला, "सांगून काय? ती म्हणेल, मग भोकं आयतीच आहेत."

आणि ती तसंच म्हणाली असती.

दुसऱ्या दिवसापासून डेल्मर कामाला लागला. माझ्या आयुष्यात मी इतकं चोख काम पाहिलेलं नाही. पहिला दिवस मापं घेण्यात गेला. मग ती मापं पुन्हा घेतली, कारण पहिली उन्हात घेतली होती आणि उन्हाने फायबर फुगतं. आतली चौकट जोडून झाली, पण एक सांधा त्याच्या मनाला येईना, म्हणून ती उकलली. बोल्ट मागवले ते आखूड निघाले. खरं तर आखूड नव्हते. मी बघितले होते. मी काही बोललो नाही, गावात मलाही राहायचं आहे.

दरम्यान रोज ऊन पडत होतं. डोंगराचा पांढरा रंग वर वर सरकत होता. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नदीचा आवाज यायचा आणि त्यात मधूनच ठोका ऐकू यायचा, तळातले दगड गडगडत एकमेकांवर आपटल्याचा. पुलावरून जाताना बायका आकड्यांकडे बघायच्या आणि मोठ्याने बटाट्याच्या भावाबद्दल बोलायच्या.

एका सकाळी नॅडीन शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय तुझं, डेल्मर?"

"काम."

"काम मला कळतं. परक्याचं असतं तर दोन दिवसांत उरकून दिलं असतंस. तिच्याशी बोलत का नाहीस?"

"काय बोलू? जाऊ नको म्हणू?"

ते नॅडीनलाही म्हणवत नव्हतं.

"मग हे असं किती दिवस पुरवणार?"

"बर्फ संपेपर्यंत," डेल्मर म्हणाला. "बर्फ काही अमर नाही."

ब्रिटाला कळत नव्हतं असं नाही. ती सकाळी कॉफीचा मग घेऊन शेडमध्ये यायची, गाडीभोवती एक फेरी मारायची आणि म्हणायची, "वा! कालच्यापेक्षा एक वॉशर जास्त. देऊळ बांधतोयस का?" डेल्मर म्हणायचा, सीलंट अजून ओलं आहे. ती बोट लावायला गेली की ओरडायचा, हात लावू नको, सील बिघडेल. दोघं हसत राहायची, भांडत नव्हती, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं.

अखेर शुक्रवारी टेव्हिस आला. टेव्हिस रूक हा पुलाजवळच्या हॉटेलात ऑम्लेट करायचा. पुढचा दात अर्धा तुटलेला, तोही होडीतच. गावात असा कुणी नव्हता ज्याला त्याने एकदा तरी फुकटचा जास्तीचा टोस्ट दिला नव्हता.

"काय उस्ताद," तो डेल्मरला म्हणाला, "लेकीचं लग्न लवकर लागेल, पण हे कॅरियर नाही."

"सीलंट ओलं आहे."

"मग माझ्या गाडीवरून जाऊ आम्ही. मिसूला शहरातले दोघं होड्यावाले उद्या सकाळी वरच्या धक्क्यावर येणारेत. घळ एकट्या-दुकट्याने करायची नसते."

डेल्मरने त्याच्या गाडीकडे पाहिलं. टेव्हिसने खर्च वाचवायला एक दांडी केबिनच्या टपावर बसवली होती आणि दुसरी मागच्या कॅनोपीवर. आमच्याकडे नवखे लोक ही चूक हमखास करतात, आणि जुने लोक माहीत असून करतात. दिसायला झकास दिसतं, होडीला दोन्हीकडून लांब आधार मिळतो. पण केबिन आणि पाठ हे गाडीचे दोन वेगळे भाग आहेत. डांबरी रस्त्यावर ते एका विचाराने चालतात. जंगलाच्या कच्च्या रस्त्यावर खड्डा आला की केबिन एकीकडे झुकतं, पाठ दुसरीकडे, आणि वरचा पट्टा दर खड्ड्याला थोडा थोडा ढिला होत जातो.

"त्या दोन टपांचं आपसात जमत नाही," डेल्मर म्हणाला.

"माझ्या आईबापांचंही जमत नव्हतं," टेव्हिस म्हणाला, "पण मी झालो की नाही?"

ब्रिटा बापाकडे बघत होती. "बाबा, शेवटचं विचारते. उद्या सकाळपर्यंत होईल?"

खरं तर ते काम झालेलं होतं. मलाही ते ठाऊक होतं, कारण शिडी मीच धरली होती. शेवटचे बोल्ट आवळायचे आणि टपावर झोपून बघायचं, एवढंच उरलं होतं. डेल्मरपुढे दोन रस्ते होते. पाना उचलायचा आणि लेकीला आपल्या हाताने, अगदी मजबूत, न हलणाऱ्या कॅरियरवर त्या घळीच्या तोंडाशी पोचवायचं. नाहीतर खोटं बोलून तिला या खुळखुळ्यावरून जाऊ द्यायचं.

"नाही होणार," तो म्हणाला. "ओलं आहे."

शनिवारी पुढे टेव्हिसची गाडी, आत तो आणि ब्रिटा, मागे नॅडीनच्या गाडीत ती आणि मी. डांबरी रस्ता संपला आणि नॅडीनने काच वर केली, धुळीसाठी. मी टपावरच्या होड्या बघत होतो. लाल टेव्हिसची, पिवळी ब्रिटाची. पहिल्या काही खड्ड्यांत काही झालं नाही. मग पिवळ्या होडीचं शेपूट किंचित डोलायला लागलं, कंटाळलेल्या माणसाने पाय हलवावा तसं.

"हॉर्न दे," मी म्हणालो.

नॅडीनचा हात हॉर्नवर गेला तेव्हा होडी हवेत होती. ती रस्त्यावर नाक आपटून उसळली आणि सरळ आमच्या अंगावर आली. नॅडीनने ब्रेक मारला, आमची गाडी तिरकी होत गेली, खालून भोपळा फुटल्यासारखा आवाज झाला आणि आम्ही थांबलो. उजवं चाक कड्याच्या काठावर होतं. खाली नदी दिसत होती, तपकिरी. नॅडीनने शांतपणे गाडी बंद केली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याने हे कॅरियर बसवलेलं नाही, एवढं लिहून ठेवा."

ब्रिटा धावत आली. आई जिवंत आहे हे बघितल्यावर तिने होडी बघितली. मधोमध चिरली होती.

वरच्या धक्क्यावर मिसूलाचे दोघं तयार होऊन बसले होते. टेव्हिसने आपली लाल होडी उतरवली. ब्रिटा नुसतं वल्हं हातात घेऊन उभी.

"आज नको जाऊ" असं ती म्हणाली नाही. ती याच गावची. ती म्हणाली, "चांगलं वल्हं आहे तुझं."

"परत आलो की तुला देतो," टेव्हिस म्हणाला. "पाणी कुठे पळून जात नाही. पुढच्या आठवड्यात तू आणि मी." त्याने किल्ली मागच्या चाकावर ठेवली, ब्रिटा समोर उभी असतानाही. सवय.

ब्रिटाने त्याची गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन उभी केली आणि तिथेच थांबली. नॅडीन आणि मी घरी आलो. डेल्मरला होडीचं सांगितलं. त्याने बायकोला आधी वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, मग शेडमध्ये गेला आणि रेडिओ लावला. त्या शेडमध्ये रेडिओ आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. कुठलासा बँजो वाजत होता. दुपारी त्याने दुकानातून रूबार्बची आंबटगोड पेस्ट्री आणली आणि आम्हा दोघांना वाढली. चांगल्या कॅरियरने त्याची मुलगी पाण्यात गेली असती, वाईट कॅरियरने ती काठावर राहिली. अशा गोष्टीचा आनंद कुणाला सांगता येत नाही, पण पेस्ट्री खाता येते.

ऊन कलायच्या सुमाराला फोन आला. मिसूलाचे दोघं बाहेर आले होते. टेव्हिस त्यांच्यापुढे होता, एका वळणावर दिसेनासा झाला, पुढच्या वळणावर नव्हता. त्याची गाडी खालच्या धक्क्यावर उभी होती आणि तिला टेकून ब्रिटा.

डेल्मरने रेडिओ बंद केला.

शेरीफची मोटारबोट घळीत जात नाही. घळीत शोधायला जातात ते होड्यावाले, आणि गावात ज्याला वल्हं धरता येतं तो प्रत्येक जण जातो. याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, म्हणण्याचा प्रश्नही आलेला नाही. रात्रीच्या गारव्याने बर्फ वितळायचा थांबतो म्हणून सकाळी पाणी त्यातल्या त्यात उतरलेलं असतं. तेव्हा निघायचं ठरलं. रात्री माणसं जमली, होड्या जमल्या. कुणीतरी ब्रिटाला आपली जुनी निळी होडी दिली. एकच अडचण होती. स्ट्रेचर पूर्ण मावेल एवढी लांब पाठ फक्त ब्रिटाच्या गाडीला होती. म्हणजे त्या गाडीतून होड्या टपावरच न्याव्या लागणार.

सकाळी मी गेलो तेव्हा डेल्मर शेडमध्ये होता आणि काम संपलेलं होतं. पाना अजून त्याच्या हातात होता. ब्रिटा दारात उभी, कालच्याच कपड्यांत.

"सीलंट ओलं होतं ना?"

"वाळलं."

"कधी?"

डेल्मरने पाना खाली ठेवला. "मंगळवारी."

तिने मान हलवली. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हिशोब केला असावा, सरळ हिशोब: मंगळवारी गाडी तयार असती तर दोघं बापाच्या कॅरियरवरून गेली असती, होडी पडली नसती, टेव्हिसच्या मागे ती असती. तिच्या बापाने बहुधा रात्रभर त्याच हिशोबाचं दुसरं टोक धरलेलं होतं: तर मग आज खालच्या धक्क्यावर ब्रिटाचीच गाडी उभी राहिली असती. दोघांचंही गणित बरोबर होतं.

होड्या वर चढल्या. डेल्मरने पट्टे आवळले, पुढच्या टोकाची दोरी स्वतः बंपरला बांधली. नॅडीनने सँडविचची पिशवी दिली. कुणी काही बोललं नाही, हवेबद्दलही नाही.

दिवसभर आम्ही खालच्या धक्क्यावर बसलो. पाण्यावरून फांद्या जायच्या, कधी आख्खं झाड, मुळांसकट, सावकाश कूस बदलत. प्रत्येक वेळी डेल्मर उठून उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा. सूर्य डोंगरामागे गेल्यावर होड्या यायला लागल्या. पहिल्यात ब्रिटा नव्हती. दुसऱ्यात नव्हती. नॅडीनने माझं मनगट धरलं होतं, तिला ते कळलं नसावं. मग वळणावर निळं काहीतरी दिसलं, आणि त्याच्या मागे दोरीने बांधलेलं लाल काहीतरी. ब्रिटा टेव्हिसची होडी ओढत आणत होती. होडी रिकामी होती.

ती काठाला लागली तेव्हा डेल्मर गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तिने काढू दिलं.

"गाळणी आहे, तिसऱ्या वळणावर," ती म्हणाली. "पाणी उतरल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. उद्या परत जायचंय."

"हो," डेल्मर म्हणाला. त्याच्या तोंडून ते लगेच आलं, दुसरं काही यायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आभाळ निळंभोर. ब्रिटा अंगणात आली, शेडमधून पाना घेतला आणि शिडी गाडीला लावली. वर चढून तिने एकेक बोल्ट तपासला, पुढचे, मागचे, मग कॅनोपीच्या आत शिरून चौकटीचे, परक्याच्या हातचं काम तपासावं तसं. सगळे घट्ट होते. एकही हलला नाही. तरी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डेल्मर शिडी धरून उभा होता.